ओला आणि सुका : मुंबईच्या इमारतींतील केरकचऱ्याची परिभाषा

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतील पुष्कळशा इमारतींत जिन्याखाली किंवा लिफ्टच्या दाराशेजारी एक सूचनाफलक असतो, आणि 'ओला कचरा व सुका कचरा वेगवेगळा द्यावा' अशा अर्थाचे एक वाक्य त्यावर कायमचे वस्तीला आलेले असते. वाक्य लहान, शब्द घरगुती, व्याकरण निर्दोष. तरीही त्याच फलकाखालच्या डब्यांत डोकावले असता हिरव्या डब्यात दुधाच्या पिशव्या आणि निळ्या डब्यात नारळाच्या शेंड्या दृष्टीस पडतात. यावर रहिवाशांच्या बेशिस्तीला दोष देऊन मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. बेशिस्त आहे, यात शंका नाही. परंतु जी व्यक्ती धुतलेली, पाणी निथळणारी दुधाची पिशवी 'ओल्यात' टाकते आणि महिनाभर देवघरात वाळलेली शेंडी 'सुक्यात' टाकते, ती आपल्या मातृभाषेशी पूर्ण इमान राखून वागत असते. चूक तिच्या मराठीत नसून फलकाच्या मराठीत आहे, आणि ती कशी आहे हे पाहणे भाषेच्या अभ्यासकाला उद्बोधक ठरावे.

'ओला' या शब्दाची परंपरा जुनी आहे. संस्कृत 'आर्द्र' या शब्दाला प्राकृतात 'उल्ल', 'ओल्ल' अशी रूपे होती. त्यांतून आपला 'ओला' आला. 'शुष्क'पासून 'सुक्क' आणि पुढे 'सुका'. मराठीत या जोडीचा उपयोग कसा होतो हे पाहिले की एक गोष्ट चटकन ध्यानात येते. ओले खोबरे आणि सुके खोबरे, ओला बोंबील आणि सुका बोंबील, ओले काजू आणि सुके काजू, ओली हळद आणि सुकी हळद – या सर्व जोड्यांत पदार्थ एकच असून अवस्था दोन आहेत. आज जे ओले आहे ते उद्या सुके होईल. मध्ये दमट, सर्द, अर्धवट वाळलेले अशा पायऱ्या आहेत. शिवाय 'ओला' म्हणजे केवळ पाण्याने भिजलेला नव्हे. ताजेपणा, जिवंतपणा, नुकतेपणा या छटाही त्यात आहेत. बाळंतीण ओली असते, जखम ओली असते आणि अतिवृष्टीने पीक बुडाले तर दुष्काळही ओला असतो. त्रुबेत्स्कॉय यांनी १९३९ च्या आपल्या ग्रंथात ध्वनिविरोधांचे जे प्रकार सांगितले, त्यांतील क्रमिक विरोधाची कल्पना अर्थाच्या क्षेत्रात आणली तर 'ओला–सुका' हा तिचा नमुनेदार मासला ठरतो.

प्रशासनाला मात्र या जोडीकडून निराळेच काम हवे आहे. त्याला पदार्थांचे दोन वर्ग पाडावयाचे आहेत : सूक्ष्म जीवांकडून ज्याचे विघटन होते तो एक आणि ज्याचे होत नाही तो दुसरा. येथे पायऱ्या नाहीत. काचेची बाटली पाण्यात बुडवून ठेवली तरी ती दुसऱ्या वर्गातच राहते, आणि कांद्याची कुरकुरीत साल कितीही वाळली तरी पहिल्या वर्गातून बाहेर पडत नाही. 'जैवविघटनशील' हा शब्द हा अर्थ बिनचूक सांगतो, पण तो जिन्याखाली उच्चारण्याजोगा नाही. म्हणून त्याच्या जागी घरातला शब्द आणला गेला, आणि घरातला शब्द आपला सगळा जुना संसार बरोबर घेऊन आला.

कायद्याच्या भाषेतही या ओढाताणीच्या खुणा आढळतात. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेनंतर नागरी घनकचऱ्याचे पहिले देशव्यापी नियम २००० साली आले. त्यांची जागा २०१६ च्या नियमांनी घेतली. या २०१६ च्या नियमांतील 'सुक्या कचऱ्या'ची व्याख्या वाचण्यासारखी आहे. जो जैवविघटनशील नाही आणि रस्त्यावरची माती-धूळ नाही तो सुका, असे सांगून त्यात वापरलेली लंगोटवजा डायपरे आणि सॅनिटरी नॅपकिने यांचाही समावेश केलेला होता. म्हणजे भिजलेले डायपर कायद्याने 'सुके' ठरले. व्याख्येच्या तर्कात हे बरोबर बसते. परंतु कोणत्याही आईला ते पटवून देणे अशक्य आहे. आणि म्हणूनच ती वस्तू कधी या डब्यात, कधी त्या डब्यात, पुष्कळदा वर्तमानपत्रातही न गुंडाळता जात राहिली. १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख असलेल्या नव्या नियमांनी ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भाग केले आहेत. तिसरा भाग वेगळा निघाला ही चांगली गोष्ट झाली. पण त्याचे नाव इंग्रजीच राहिले, हेही नोंदण्याजोगे आहे. मराठीजवळ त्या क्षेत्रात जे जुने शब्द आहेत ते विटाळाचे आहेत. नव्या व्यवहाराला ते चालण्यासारखे नाहीत, आणि सोज्ज्वळ पर्याय अद्याप घडलेला नाही. घरोघर ही वस्तू सर्वनामानेच ओळखली जाते.

आता प्रश्न असा की, फलक येण्यापूर्वी मराठी घर आपल्या टाकाऊ वस्तूंची विभागणी करीत नव्हते काय? करीत होते, आणि दोनाहून कितीतरी अधिक भागांत करीत होते. केर, कचरा, उष्टे, खरकटे, रद्दी, भंगार, मोड, चिंध्या, निर्माल्य ही सारी नावे एकमेकांना पर्यायी नाहीत. त्यांचा भेद नीट कळावयाचा असेल तर नामांकडे न पाहता त्यांच्यासोबत येणाऱ्या क्रियापदांकडे पाहावे. केर 'काढतात'. कचरा 'टाकतात'. उष्टी 'काढतात' आणि खरकटे 'आवरतात'. रद्दी 'विकतात' किंवा 'घालतात'. जुनी भांडी 'मोडीत घालतात', पंखा नि सायकल 'भंगारात काढतात'. जुने कपडे बोहारणीला 'देतात' – देतात असे म्हणावयाचे, प्रत्यक्षात स्टीलच्या पातेल्यासाठी अर्धा तास घासाघीस करतात. निर्माल्य मात्र 'विसर्जन' करावयाचे असते. ते 'टाकले' असे म्हणताना जुनी माणसे आजही अडखळतात. प्रत्येक नामाचे क्रियापद ठरलेले आहे, आणि त्या क्रियापदातच त्या वस्तूने पुढे कोठे जावयाचे, कोणाच्या हाती जावयाचे, त्याचे पैसे मिळावयाचे की नाहीत, हे सांगून ठेवलेले आहे.

या व्यवस्थेचे तत्त्व एक नव्हते. उष्टे-खरकटे यांच्या मागे शुचितेची कल्पना आहे. 'उच्छिष्ट' म्हणजे जेवून उरलेले, त्याचे उष्टे झाले. पाण्यात शिजलेले अन्न ज्याला लागले ते खरकटे. भाजीची देठे आणि केळीची साले ही जैविक दृष्ट्या त्याच जातीची, पण ती खरकटी नव्हेत. मेरी डग्लस यांनी १९६६ मध्ये, अस्वच्छता म्हणजे आपली जागा सोडून भलतीकडे गेलेली वस्तू, असा विचार मांडून मानववंशशास्त्रात मोठी चर्चा घडवून आणली. मराठी स्वयंपाकघराला तो विचार नवा वाटला नसता. उलट रद्दी, मोड आणि भंगार यांच्या मागे बाजाराचे तत्त्व आहे. 'रद्दी' हा शब्द अरबी 'रद्द'वरून आला. जे परतवले, नाकारले ते रद्दी. पण नाकारलेल्या कागदालाही भाव असतो, आणि रद्दीवाल्याच्या तराजूत इंग्रजी वर्तमानपत्रांचा भाव मराठी वर्तमानपत्रांपेक्षा चढा असतो. भाषेची किंमत किलोवर ठरण्याचे असे दुसरे ठिकाण सहसा सापडावयाचे नाही; कारण अर्थात कागदाच्या प्रतीत आहे.

आणि एक तिसरे तत्त्वही होते, ते शेतीचे. संस्कृतातील 'उत्कर' म्हणजे ढीग. यज्ञमंडपाजवळ झाडलोट टाकण्याच्या जागेलाही हाच शब्द होता. त्यापासून प्राकृतातून आलेला 'उकिरडा' हा खेड्यात तिरस्काराचा विषय नव्हता. शेण, केर, राख, पालापाचोळा त्यात कुजत आणि पावसापूर्वी ते खत शेतावर जाई. उकिरड्याचेही पांग बारा वर्षांनी फिटतात, ही म्हण ज्या समाजात झाली त्याला उकिरड्याची उपयुक्तता ठाऊक होती. मुंबईत येताना हा शब्द शेतावाचून आला आणि त्याचा केवळ तुच्छतावाचक अर्थ शिल्लक राहिला. आज दादरच्या एखाद्या सोसायटीच्या मागील अंगणात जो खतखड्डा असतो तो शास्त्रतः उकिरडाच होय. पण कोणतीही कार्यकारी समिती आपल्या अहवालात तसे लिहिणार नाही. तेथे 'कंपोस्ट प्रकल्प' असतो.

मुंबईत ही जुनी विभागणी मोडण्याचे कारण शहराच्या रचनेत आहे. गिरगावातील चाळींच्या पाठीमागे ज्या अरुंद घरगल्ल्या आहेत, त्या मुळात टोपल्यांच्या संडासांतील मैला वाहून नेण्यासाठी ठेवलेल्या होत्या. संडास पाण्याचे झाले, वाट मात्र राहिली, आणि खिडकीतून काहीही खाली सोडण्यासाठी ती सोयीची ठरली. १८९६ च्या प्लेगनंतर शहर सुधारणेचा मोठा खटाटोप झाला. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, पुढे १९२० नंतरच्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे बी. डी. डी. चाळींच्या २०७ इमारती उभ्या राहिल्या. १८८८ च्या महापालिका अधिनियमाने तत्पूर्वीच घरातील केर गोळा करून नेमलेल्या जागी नेऊन टाकण्याचे कर्तव्य मालक आणि भोगवटादार यांच्यावर घातलेले होते. या साऱ्या व्यवस्थेत केराचे एकच क्रियापद उरले : 'उचलणे'. महापालिकेने उचलावे, गाडीने न्यावे, देवनारला ओतावे. उचलणाराच्या दृष्टीने सर्व केर सारखाच, मोजमाप फक्त टनांचे. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचे डोंगर पेटले आणि त्याचा धूर शहरावर दिवसेंदिवस राहिला, तेव्हा या एकजिनसी 'कचऱ्या'च्या पोटात काय होते हे सर्वांना श्वासावाटे समजले. कुजणाऱ्या अन्नातून हवेअभावी मिथेन निर्माण होतो. कागद, कापड आणि प्लास्टिक यांच्या थरांत तो साठला की ढीग आतून धुमसत राहतो. सुक्याबरोबर ओलेही जळते ही म्हण येथे शब्दशः खरी झाली. जिन्याखालच्या डब्यात त्याच म्हणीचा उलटा प्रकार नित्य घडत असतो : ओल्याबरोबर सुकेही कुजते. आमटी सांडलेला पुठ्ठा कागदाच्या गिरणीच्या उपयोगाचा राहत नाही.

यानंतर २ ऑक्टोबर २०१७ पासून मुंबई महापालिकेने २०,००० चौरस मीटरांहून मोठ्या किंवा दिवसाला १०० किलोंहून अधिक कचरा निर्माण करणाऱ्या संकुलांनी आपला ओला कचरा आवारातच जिरवावा असा आग्रह धरला. या मर्यादेत परळ-लालबागचे, गिरण्यांच्या जमिनींवर उभे राहिलेले मनोरे येतात. त्यांच्या सावलीतील चाळी बहुधा येत नाहीत. दहा बाय बाराच्या खोलीत दोन डबे ठेवावयाचे कोठे, हा चाळीचा प्रश्न. मनोऱ्याचा प्रश्न निराळा आहे : तेथे डबे दोन असतात, परंतु ते भरणारी आणि खाली नेणारी व्यक्ती बहुधा फलक लिहिणाऱ्या समितीत नसते. 'वेगवेगळा द्यावा' या विध्यर्थी वाक्याला कर्ता नाही, संप्रदानही नाही. कोणी द्यावा? कोणाला द्यावा? मराठी वाक्यरचनेत असा कर्तालोप सर्रास चालतो, कारण संदर्भाने कर्ता समजतो. येथे संदर्भाने जो कर्ता समजला जातो तो म्हणजे घरकाम करणारी बाई.

खड्ड्याचे शास्त्र एकदा पाहिले म्हणजे 'ओला' या नावाची अडचण अधिकच स्पष्ट होते. कुजण्याची क्रिया नीट चालण्यासाठी सूक्ष्म जीवांना कार्बन आणि नायट्रोजन यांचे प्रमाण साधारण २५ ते ३० भागांस १ भाग असे लागते, ओलावा ५० ते ६० टक्के, आणि खेळती हवा. स्वयंपाकघरातील उरलेसुरले अन्न आणि साले यांत नायट्रोजन व पाणी जास्त. तेवढेच खड्ड्यात भरले तर हवा कोंडते, पाणी सुटते, दुर्गंधी येते आणि पुढच्या सभेत प्रकल्प बंद करण्याचा ठराव येतो. उपाय म्हणजे थरावर थर वाळलेला पाला, लाकडाचा भुसा, नारळाचा काथ्या घालणे. यांत कार्बन भरपूर असतो आणि त्यांच्यामुळे हवेला वाट मिळते. म्हणजे 'ओल्या' कचऱ्याचे खत होण्यासाठी मराठीत जे निःसंशय सुके आहे ते हवे असते. शिवाजी पार्कच्या परिसरात झाडांखाली पडणारा पाचोळा 'सुका' म्हणून निळ्या डब्यात गेला की खड्डा उपाशी राहतो आणि निळा डबा निष्कारण भरतो. हाडे आणि मासळीचे काटे हेही 'ओलेच', पण ते मंद गतीने कुजतात आणि उंदीर-घुशींना बोलावणे धाडतात; त्यांचे बारीक तुकडे करून आत खोल पुरावे लागतात. फलकावर यांपैकी एक अक्षरही नसते.

जगात अन्यत्र नावे कशी ठेवली गेली हे पाहिले तर जपानचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथील नगरपालिका 'जळणारा कचरा' आणि 'न जळणारा कचरा' अशी नावे योजतात. वर्गाचे नाव वस्तूच्या अवस्थेवरून न ठेवता तिचे पुढे काय होणार त्यावरून ठेवलेले आहे. केर काढणे, मोडीत घालणे, भंगारात काढणे या मराठी परंपरेचे तत्त्वही हेच होते. आपल्याकडे त्याचा एक स्वच्छ आधुनिक नमुना आहे, आणि तो सरकारी नाही. पुण्यात १९९३ मध्ये कचरा वेचणाऱ्यांची जी संघटना स्थापन झाली तिचे नाव 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. पहिले तीन शब्द म्हणजे वेचणाऱ्यांच्या पिशवीतील तीन ढीग. विशेषण नाही, अवस्था नाही. पदार्थाचे नाव आणि त्याला असलेला भाव. ज्यांचे पोट विभागणीवर अवलंबून आहे त्यांनी केलेले हे वर्गीकरण कोठेही संदिग्ध नाही. दादरहून खाडीच्या बाजूला थोडे गेले की धारावीतील तेरा कंपाऊंड लागते. तेथे प्लास्टिक जातीनुसार आणि रंगानुसार हाताने निवडले जाते, दळले जाते, धुतले जाते. 'पुनर्चक्रीकरण' हा शब्द त्या गल्ल्यांत उच्चारला तर कोणी मागे वळून पाहणार नाही.

नावांचा प्रश्न वस्तूंपाशी संपत नाही. कचरा हाताळणाऱ्या माणसांची नावे गेल्या शतकात अनेकदा बदलली : जातिवाचक नावे गेली, झाडूवाला गेला, सफाई कामगार आला. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने वेचणाऱ्या स्त्रियांमध्ये 'परिसर विकास' या नावाने काम उभे केले आणि त्या स्त्रिया 'परिसर भगिनी' झाल्या. अशा नामांतराला केवळ शिष्टाचार समजणे चुकीचे ठरेल, कारण त्याच शहरात उलट दिशेचे नामांतरही झाले आहे. कंत्राटी सफाई कामगारांना 'स्वयंसेवक' आणि त्यांच्या वेतनाला 'मानधन' म्हटले की कामगार कायद्यांची बंधने टळतात, अशी युक्ती काही वर्षे चालली. कचरा वाहतूक श्रमिक संघाने तिच्याविरुद्ध दीर्घ लढा दिला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २,७०० कामगारांना कायम होण्याचा मार्ग मोकळा झाला. एका शब्दाच्या अर्थाचा निवाडा करण्यास किती वर्षे लागतात आणि त्या वर्षांत किती माणसे आजारी पडतात, याचा हिशेब कोशकार ठेवीत नाहीत.

फलकावरील संदिग्धतेची किंमतही शेवटी तेथेच वसूल होते. फुटलेला पेला आणि दाढीचे पाते हे दोन्ही 'सुके'. ते मोकळे टाकण्यात रहिवाशाला काही वावगे वाटत नाही. नव्या नियमांतील 'विशेष काळजी' या चौथ्या भागात औषधे, रंगाचे डबे, विजेचे दिवे अशा वस्तू येतात. परंतु 'विशेष काळजी' हा शब्दप्रयोग मराठीत आजारी माणसाविषयी किंवा तान्ह्या मुलाविषयी वापरण्याची सवय आहे. काळजी कोणाची घ्यावयाची – वस्तूची, टाकणाऱ्याची की उचलणाऱ्याची – हे त्यातून उमगत नाही. त्यापेक्षा 'हात कापेल, भाजेल किंवा विषबाधा होईल अशा वस्तू' असे लांबलचक लिहिणे बरे. फलकावर जागा पुष्कळ असते. बहुतेक वेळा ती समितीच्या सदस्यांच्या नावांनी भरलेली असते. करवंटी, दुधाची पिशवी, अंड्याचे कवच, चहाचा चोथा, औषधाची पट्टी, शेंडी अशी वीस-पंचवीस नावे दोन रकान्यांत लिहिली तर 'ओला' आणि 'सुका' हे शब्द केवळ शीर्षक म्हणून उरतील, आणि हिरवा व निळा या रंगांप्रमाणेच संकेताने शिकता येतील.

या यादीत सर्वांत अधिक वाद नारळावरून होईल, हे लालबागमध्ये गणेशोत्सवानंतरच्या आठवड्यात कोणालाही दिसण्यासारखे आहे. मंडपांतून आणि घरांतून निघालेले नारळ तेव्हा सर्व अवस्थांत एकाच वेळी हजर असतात : फोडलेल्यांचे ओले खोबरे प्रसादात गेलेले, काहींचे खवट झालेले, शेंड्या वाळलेल्या, हारात गुंतलेल्या काही निर्माल्यात. नियमाने पाहता हे सारे एकाच डब्याचे, कारण सारे कुजणारे. पण करवंटी खड्ड्यात वर्षानुवर्षे तशीच राहते, म्हणून खड्डा सांभाळणारा माणूस ती मुकाट्याने बाजूला काढून ठेवतो. शेंडीने पूर्वी भांडी घासत. आता ती बारीक करून काथ्याच्या थरात घालता येते. आणि ज्या खराट्याने सकाळी हे सगळे अंगण झाडले जाते तो माडाच्या हिरांचा असतो. तो झिजला म्हणजे त्याची दोरी सोडून घ्यावी. प्लास्टिकची असल्यास ती निळ्या डब्यात जाते, आणि कडकडीत वाळलेले हीर ओल्या कचऱ्यात.